आराखड्यातच मोडणारी कंबर

बोइंग ७३७ हे विमान ९ एप्रिल १९६७ रोजी पहिल्यांदा उडालं. त्याचं पोट जमिनीच्या जवळ होतं आणि तो त्याचा मोठा गुण मानला जायचा. छोट्या गावांच्या विमानतळांवर ना उंच शिड्या होत्या, ना सामान चढवायची यंत्रं. तिथे माणसांनी खाली उभं राहून हातांनीच बॅगा आत ढकलाव्यात आणि विमान पुढे निघावं, असा हिशेब होता. तो बरोबरही ठरला. त्या पोटात शिरून बॅगा रचणाऱ्या माणसाचा हिशेब मात्र राहून गेला. या विमानाच्या होल्डची, म्हणजे सामानकक्षाची, उंची सव्वा मीटरसुद्धा नाही. साठ वर्षं होत आली. इंजिनं बदलली, पंख बदलले, कॉकपिट बदललं, 'मॅक्स' असं नवं नावही लागलं. होल्ड तेवढंच बुटकं आहे.

विमानतळावर सामान चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या माणसाला आपल्याकडे लोडर म्हणतात, कागदोपत्री हँडीमन. त्याचं काम प्रवाशाला दिसतं ते निम्मंच. खिडकीतून दिसतो तो ट्रॉलीवरून बॅग उचलून बेल्ट लोडरच्या पट्ट्यावर टाकणारा. बाकीचे आत असतात. होल्डच्या दाराशी एक जण गुडघे टेकून बॅगा ओढून घेतो आणि आतल्या बाजूला सरकवतो. त्याच्याही आत, जाळीपाशी, दुसरा बसलेला असतो. तो कधी मांडी घालून, कधी एका गुडघ्यावर, कधी कुशीवर रेलून बॅगा भिंत बांधल्यासारख्या रचतो. खालचे थर भराभर होतात. खरी परीक्षा वरच्या थराची. वीस किलोची बॅग बसल्या जागेवरून डोक्याच्या वर न्यायची, आणि शेवटच्या चार इंचांत ती छताला नाहीतर शेजारच्या बॅगेच्या चाकाला अडते. मग खांदा लावून रेटायची. छताला डोकं आपटू नये म्हणून मान सतत वाकलेली. हवा खेळायला एवढंसं दार. मे महिन्यात मुंबईच्या रॅम्पवर दुपारी उभ्या असलेल्या विमानात हे काम कसं होत असेल, याची कल्पना वाचकाने स्वतःच करावी.

थोडा हिशेब करू. १८० आसनांच्या विमानात समजा १२० बॅगा आल्या आणि सरासरी वजन १५ किलो धरलं, तर एका फेरीचं सामान १८०० किलो होतं. स्वस्त विमानसेवांचं सगळं गणित विमान जमिनीवर कमीत कमी वेळ थांबण्यावर चालतं. रायनएअरचं ठरलेलं लक्ष्य २५ मिनिटांचं आहे. त्यातली वीस मिनिटं चढवायला मिळाली असं उदारपणे मानलं, तरी दर दहा सेकंदांना एक बॅग. शिवाय ती एकदाच उचलली जात नाही. छाननी होऊन आलेली बॅग पट्ट्यावरून ट्रॉलीत, ट्रॉलीतून बेल्ट लोडरवर, दारातून आत, आतून थरावर. उतरताना थरावरून दाराशी, बेल्ट लोडरवरून ट्रॉलीत, ट्रॉलीतून आगमनाच्या पट्ट्यावर. आपण ती दोनदा उचलतो, घरून निघताना आणि घरी पोचल्यावर. मधल्या सात वेळा दुसऱ्याच कुणाच्या असतात.

वजन उचलण्याचं शास्त्र काय म्हणतं? अमेरिकेतल्या 'नायॉश' या सरकारी संशोधन संस्थेने उचलण्याचं एक समीकरण तयार केलं आणि १९९१ साली ते सुधारलं. त्यातली कमाल मर्यादा २३ किलो. अनेक विमान कंपन्या एका बॅगेसाठी धरतात तो २३ किलोंचा आकडा याच्याशी जुळतो. पण नायॉशचे २३ किलो अगदी आदर्श परिस्थितीतले आहेत. वस्तू अंगाजवळ, कमरेच्या आसपासच्या उंचीवर, पकडायला चांगली, कंबरेला पीळ नाही आणि मधूनमधूनच उचलायची. यातली एकेक अट सुटली की आकडा खाली येतो. मिनिटाला सहा वेळा उचलायचं म्हटलं तर तो झपाट्याने घसरतो. आणि होल्डमधल्या कामाला हे समीकरण लागूच होत नाही. गुडघ्यावर बसून किंवा अडचणीच्या जागेत उचलायचं असेल तर हे सूत्र वापरू नका, असं ते करणाऱ्यांनीच बजावून ठेवलं आहे. म्हणजे ज्या कामाला मोजमापाची सर्वांत जास्त गरज, तेच काम त्या मापाच्या बाहेर.

एवढं ठाऊक असूनही जगभरच्या व्यवस्थापनांनी पन्नास वर्षं एकच औषध दिलं: प्रशिक्षण. पाठ ताठ ठेवा, गुडघे वाकवा, पायांच्या जोरावर उचला. भिंतीवरचं हे चित्र प्रत्येक गोदामात असतं. पण जिथे उभंच राहता येत नाही तिथे पायांचा जोर आणायचा कुठून? होल्डमध्ये बसलेल्या माणसाच्या मांड्या त्याच्या उपयोगाच्या नसतात. सगळा भार कंबर, खांदे आणि मनगटांवर येतो. त्या चित्राचा आणि या कामाचा काही संबंध नाही.

प्रशिक्षणाने काय साधतं, हे तपासणारी संशोधनंही जुनी आहेत. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीत काम करणारे स्टोव्हर स्नूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली कंबरदुखी टाळण्याचे तीन मार्ग ताडून पाहिले: धडधाकट माणसं निवडून घेणं, त्यांना उचलायला शिकवणं आणि कामाचीच रचना बदलणं. पहिल्या दोहोंनी फरक पडल्याचं दिसलं नाही. काम माणसाला साजेसं रचलं तर मात्र उद्योगातल्या कंबरेच्या इजा एक तृतीयांशापर्यंत कमी होऊ शकतात, असं त्यांनी मांडलं. पुढे मार्टिमो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचे चांगले प्रयोग एकत्र करून २००८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आढावा दिला. उचलण्याचं प्रशिक्षण दिल्याने कंबरदुखी टळते असा पुरावा त्यांनाही सापडला नाही.

प्रशिक्षणाच्या जोडीला आला तो कमरेचा पट्टा. जिममध्ये वजनं उचलणारे बांधतात तसा. याची कसोटी विमानतळावरच लागली, हे या विषयाचं सुदैव. रेडेल आणि सहकाऱ्यांनी एका मोठ्या अमेरिकी विमान कंपनीतल्या ६४२ लोडर्सवर आठ महिने पाहणी केली आणि ती १९९२ साली प्रसिद्ध झाली. काहींना पट्टा, काहींना वर्ग, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. इजांच्या प्रमाणात फरक नाही. उलट पट्टा काही दिवस वापरून सोडून देणाऱ्यांत इजा जास्त दिसल्या. १९९४ साली नायॉशनेही निरोगी कामगारांना पट्टे बांधण्याने इजा टळतात असं म्हणायला आधार नसल्याचं जाहीर केलं. तरी पट्टे अजून वाटले जातात. ते स्वस्त असतात, आणि दुखलं की 'पट्टा नीट बांधला नव्हता' असं म्हणायची सोय होते.

या सगळ्या प्रश्नाचा सर्वांत नेटका धांडोळा ऑस्ट्रेलियात घेतला गेला. जेफ डेल हे विमान वाहतुकीतले सुरक्षातज्ज्ञ. २००७ साली बॅलरॅट विद्यापीठाला सादर केलेला त्यांचा पीएच.डी. प्रबंध लोडर्सच्या कंबरदुखीवरच आहे. त्यांनी निरनिराळ्या विमान कंपन्यांच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना विचारलं आणि प्रत्यक्ष लोडर्सनाही विचारलं. कार्यालयातला माणूस आणि होल्डमधला माणूस यांचं सहसा एकमत होत नाही; इथे झालं. अरुंद विमानांच्या होल्डमध्ये बॅगा रचणं हेच सर्वांत घातक काम, असं दोघांनीही सांगितलं. माणसाला वळण लावण्याचे आणि नियम काढण्याचे उपाय तोकडे पडले आहेत, आता रचना बदला, हा डेल यांचा निष्कर्ष. तो त्यांनी प्रबंधाच्या शीर्षकातच घातला आहे.

इजा म्हणजे एकदा उसण भरली आणि आठ दिवसांत बरी झाली, असं समजण्याचं कारण नाही. कोपेनहेगनच्या विमानतळावरच्या लोडर्सचा मागोवा डॅनिश संशोधकांनी अनेक वर्षं घेतला आणि त्यांची तुलना तशाच अंगमेहनतीच्या पण दुसऱ्या कामांतल्या पुरुषांशी केली. नोकरीची वर्षं वाढतील तसं खांद्याच्या विकारांचं प्रमाण चढत गेलं. गुडघ्यातली कूर्चेची गादी फाटण्याचं प्रमाणही लांब नोकरी झालेल्यांत जास्त निघालं, आणि त्याचा संबंध संशोधकांनी गुडघे टेकून जड उचलण्याशी लावला. डेन्मार्कसारख्या देशात, जिथे प्रत्येक नागरिकाच्या आजारपणाची सरकारी नोंद असते, तिथे हे दिसू तरी शकलं. जिथे कंत्राट अकरा महिन्यांनी संपतं, तिथे पस्तिशीत दुखू लागलेला खांदा कुठल्या वहीत चढणार?

आता उपायांकडे येऊ. यात नवल वाटावं असं काही नाही. उपाय आहेत, विकत मिळतात, आणि वापरात आहेत.

सर्वांत सरळ उपाय म्हणजे माणसाला होल्डमध्ये पाठवायचंच नाही. मोठ्या विमानांत हे केव्हाच झालं. बोइंग ७७७ किंवा एअरबस ए३३०मध्ये बॅगा आधीच कंटेनरमध्ये भरून येतात आणि कंटेनर रुळांवरून आत सरकतो. कंटेनर भरण्याचे कष्ट उरतात, पण ते निदान उभं राहून करता येतात. एअरबसने ए३२० बनवताना या छोट्या विमानातही कंटेनरची सोय देऊ केली, पण पर्याय म्हणून. कंटेनरला स्वतःचं वजन असतं, त्याला वेगळी चढवणारी यंत्रं लागतात, ती प्रत्येक विमानतळावर असावी लागतात. म्हणून अनेक कंपन्या तो पर्याय घेत नाहीत आणि बॅगा सुट्याच टाकतात. ७३७मध्ये तर तो पर्यायही नाही.

दुसरा उपाय होल्डची जमीनच सरकती करण्याचा. एका स्वीडिश कंपनीने 'स्लायडिंग कार्पेट' नावाची रचना काढली. होल्डच्या तळाला पट्ट्यासारखं आच्छादन असतं. दाराशी बसलेला माणूस तिथेच थर रचतो, बटण दाबतो, रचलेला थर आत सरकतो, आणि तो पुढचा थर रचायला घेतो. आतवर बॅगा भिरकावायचं आणि जाळीपाशी कोंडून बसायचं काम संपतं. बसून रचणं मात्र उरतंच. तिसरा उपाय विमानाला हातच लावत नाही. बेल्ट लोडरचाच पट्टा लांब करून होल्डच्या आत, रचणाऱ्याच्या हातापर्यंत नेतो. स्कँडिनेव्हियातच विकसित झालेलं 'रॅम्पस्नेक' आणि डेन्मार्कचं 'पॉवर स्टो' ही त्याची नावाजलेली उदाहरणं. पट्ट्याचं टोक वर-खाली करता येतं, त्यामुळे वरच्या थराची बॅग उचलावी लागत नाही, नुसती सरकवावी लागते.

माझ्या मते आजच्या घडीला सर्वांत व्यवहार्य उपाय हाच. त्याचं कारण तांत्रिक कमी आणि हिशेबाचं जास्त आहे. स्लायडिंग कार्पेट विमानात बसवायचं तर त्याचं वजन विमान जन्मभर वाहतं, इंधन जाळतं, आणि तो खर्च विमान कंपनीचा. कंबर मात्र दुखते ती जमिनीवरच्या सेवा कंपनीच्या माणसाची, पुष्कळदा तिच्याही खालच्या मजूर-ठेकेदाराच्या माणसाची. विमान बनवणारा एक, विकत घेणारा दुसरा, इमारत बांधणारा तिसरा, सामान हाताळायचा ठेका घेणारा चौथा, आणि दवाखान्यात जाणारा पाचवा. पाचव्याच्या बिलाचा कागद पहिल्याच्या टेबलावर कधी पोचत नाही. आपण ज्याला निष्काळजीपणा म्हणतो तो बराचसा या साखळीत मुरलेला असतो. लांब पट्ट्याचा बेल्ट लोडर निदान चौथ्याच्या हातात आहे, आणि त्याला तो घ्यायला लावणं विमानतळाच्या हातात.

विमानाखालून आता इमारतीत जाऊ. टर्मिनलच्या पोटात सामान वर्गवारी होऊन जिथे ट्रॉल्यांत भरलं जातं, त्या जागेला आपल्याकडेही 'मेकअप एरिया'च म्हणतात. इथे हवेच्या ओढीने बॅग धरून उचलणारी व्हॅक्यूम यंत्रं बसवता येतात. छतावरून लोंबणारी नळी, खाली चोखणी, माणसाने फक्त दिशा द्यायची. पण ही यंत्रं हातापेक्षा जरा मंद चालतात, मऊ पिशवीला किंवा दोरीने बांधलेल्या खोक्याला नीट चिकटत नाहीत. गर्दी झाली की ती कोपऱ्यात उभी राहतात आणि पोरं हातांनी सुरू होतात. यंत्राचा वेग पाहूनच पट्ट्याचा वेग आणि माणसांची संख्या ठरवली नाही, तर यंत्र शोभेचं होतं.

नेदरलँड्सने इथे जे केलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. २०२३मध्ये तिथल्या कामगार निरीक्षणालयाने स्खिपोल विमानतळावरच्या सामान हाताळणाऱ्या कंपन्यांना शारीरिक भार कमी करायला सांगितलंच, पण विमानतळालाही त्यात ओढलं. पट्टे किती उंचीवर आहेत, यंत्राला जागा आहे का, छत तेवढं वजन पेलेल का, हे इमारतीच्या मालकाने ठरवलेलं असतं. ठेकेदार येतात आणि जातात. त्यानंतर स्खिपोलने उचल-यंत्रं आणि ट्रॉल्या भरणारे यंत्रमानव घ्यायला सुरुवात केली.

यंत्रमानव म्हटलं की कुणीतरी डेन्व्हरची आठवण काढतंच. तिथलं नवं विमानतळ १९९३मध्ये उघडायचं होतं. स्वयंचलित सामानयंत्रणेच्या घोळामुळे ते फेब्रुवारी १९९५ला उघडलं, आणि २००५ साली ती यंत्रणा मोडीत काढून पुन्हा माणसं आणि ट्रॅक्टर आणले. ती फसली ती सगळं एकदम आणि घाईत करायच्या हट्टामुळे. तिच्यावरून व्हॅक्यूम नळीला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

मग उरते बॅग. बॅगेला चाकं लावण्याचं अमेरिकी पेटंट बर्नार्ड सॅडो यांना १९७२ साली मिळालं. उभी धरून ओढायची, लांब दांड्याची बॅग १९८७मध्ये रॉबर्ट प्लॅथ या वैमानिकाने बनवली. या सोयीने प्रवाशाला वजन कळेनासं झालं. पूर्वी तीस किलोची ट्रंक भरताना आपलाच हात सांगायचा की पुरे. आता बोटाने ढकलली तरी ती फलाटभर पळते. ती पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उचलतो तो लोडर. आणि त्याला पकडायला काय मिळतं? एका टोकाला मूठ, एका कडेला मूठ, चाकांच्या टोकाला बहुधा काहीच नाही. होल्डमध्ये बॅग आडवी असते आणि अनेकदा नेमकं तेच टोक त्याच्या हाताशी येतं. वर गुळगुळीत पॉलिकार्बोनेटचं कवच. व्हीआयपी आणि सॅमसोनाइट या दोघांचेही कारखाने आपल्या नाशिकमध्ये आहेत. चाकांच्या बाजूला एक खोलगट मूठ द्यायला साच्यात किती बदल करावा लागेल, हे तिथला एखादा अभियंता दुपारच्या चहापर्यंत सांगू शकेल.

वजनाच्या मर्यादेतही एक मेख आहे. जगभर साधारण रीत अशी की २३ किलोंच्या वर बॅगेला 'हेवी'ची चिठ्ठी लागते आणि एका नगाला ३२ किलोंच्या वर घेत नाहीत. ब्रिटनच्या आरोग्य-सुरक्षा विभागाच्या मार्गदर्शनात पुरुषाला उभ्याने, अंगाजवळ, कमरेखालच्या सोयीच्या उंचीवर २५ किलो आणि बाईला १६ किलो हा सावधगिरीचा आकडा आहे. म्हणजे ३२ची बॅग सोयीच्या उभ्या कामालाही जास्तच. आखाती देशांच्या फेऱ्यांवर अनेकदा ३० किलोंची सूट एकूण वजनावर असते, नगावर नाही. रत्नागिरी-रायगडहून दुबई-कुवेतला जाणारा माणूस मग सगळं एकाच बॅगेत कोंबतो, कारण दोन बॅगा सांभाळणं त्याला जड जातं. तो चुकत नाही. नियमच त्याला तसं करायला सांगतो. तीसच किलो द्या, पण दोन नगांत आणायची अट घाला. विमान कंपनीचा यात एक पैसाही जात नाही.

भारतातला कायदा या बाबतीत मोघमच राहिला आहे. नोव्हेंबर २०२५पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाना कायद्याचं कलम ३४ म्हणायचं की इजा होईल इतकं वजन कुणाला उचलायला लावू नये. इतकं म्हणजे किती, ते राज्यांच्या नियमांवर सोडलं होतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंचा आकडा आहे, तो गोदी आणि गोदामांच्या काळातला. एकाच वेळचं वजन पाहणाऱ्या अशा कायद्याला पंधरा किलोची बॅग कधीच जड वाटणार नाही. दहा सेकंदांना एक, गुडघ्यावर बसून, आठ तास, ही भाषा त्याला येत नाही.

महाराष्ट्राला ती भाषा यायला हवी होती. माथाडी कामगारांसाठी १९६९ साली कायदा करणारं हे राज्य. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना उभारली आणि पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने पोत्याचं वजन ५० किलोंवर आणा ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. त्यांनी हमालांना कसं उचलावं याचे वर्ग घेतले नाहीत. पोतं लहान करा म्हणाले. कामाची रचना बदलायची ती अशी, आणि त्यासाठी त्यांना कुठल्या परदेशी प्रबंधाची गरज पडली नव्हती. ही मागणी बाजार समितीच्या फाटकातून विमानतळाच्या फाटकात मात्र गेली नाही.

का गेली नाही, याचं उत्तर जुलै २०२४मध्ये मुंबईत कलिन्याला दिसलं. विमानतळावरच्या जमिनीवरील कामांच्या २,२१६ जागांसाठी थेट मुलाखती होत्या आणि पंचवीस हजारांच्या आसपास तरुण रांगेत आले. चेंगराचेंगरी व्हायची तेवढी राहिली. जिथे एका जागेमागे दहा-अकरा जण उभे आहेत, तिथे खांदा दुखतो म्हणणाऱ्याला कोण विचारतो? डिसेंबर २०२१मध्ये मुंबईत एक लोडर सामान चढवता चढवता होल्डमध्येच झोपी गेला, दार बंद झालं आणि विमान त्याला घेऊन अबुधाबीला उतरलं. तो सुखरूप होता म्हणून बातमी गमतीची ठरली. एवढ्या खडबडीत जागी माणसाला गाढ झोप का लागली असेल, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

आता नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं आहे. २५ डिसेंबर २०२५पासून तिथून विमानं उडतात. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला २ कोटी प्रवाशांची, सगळे टप्पे पुरे झाल्यावर ९ कोटींची. म्हणजे बहुतेक इमारत अजून कागदावर आहे, आणि कागदावरची भिंत हलवायला पैसे लागत नाहीत. पुढच्या टप्प्यांच्या आराखड्यात मेकअप एरियाच्या प्रत्येक पट्ट्यावर उचल-यंत्राची जागा आणि ते पेलणारं छत दाखवलेलं असावं. जमिनीवरील सेवेच्या निविदेत होल्डच्या आत जाणाऱ्या बेल्ट लोडरची अट असावी आणि एका नगाची मर्यादा २३ किलो असावी. राज्य सरकारच्या सिडको महामंडळाचा या प्रकल्पात २६ टक्के वाटा आहे, म्हणजे ही अट घाला असं सांगायचा हक्क राज्य सरकारला आहे. तो त्याने निविदा निघण्याआधी वापरावा.